घरातील रसायने आणि मांजर : अल्प खर्चातील उपचार

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून सुमारे दहा किलोमीटरांवर नाचियार्कोविल् हे गाव आहे. तेथील विष्णुमंदिरातील पाषाणाच्या गरुडासाठी आणि पितळी समयांसाठी ते प्रसिद्ध आहे. समईची बैठक, दांडा, तबक आणि शिखर हे भाग येथे निरनिराळे ओतले जातात, कातून व घासून गुळगुळीत केले जातात आणि मग एकमेकांत बसविले जातात. ‘कुत्तुविळक्कु’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समईला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या प्रदेशातील घरांत पूजेपूर्वी ती चिंचेच्या कोळाने व राखेने घासण्याची जुनी रीत आहे. आता पुष्कळ घरांत त्यासाठी तयार पॉलिशची बाटली ठेवलेली असते.

ही बाटली सहसा एकटी नसते. फरशी पुसण्याचे फिनेल, संडास धुण्याचे ॲसिड, रंगकामातून उरलेले टर्पेंटाईन, झुरळांचा खडू, डांबराच्या गोळ्या आणि उंदीर मारण्याचे औषध यांची तिला सोबत असते. भातशेतीच्या या मुलखात उंदरांचा उपद्रव मोठा; त्यामुळे ज्या घरात उंदरांचे औषध असते त्याच घरात पुष्कळदा मांजरही असते. नाचियार्कोविल्‌च्या घरांविषयी जे म्हणता येईल तेच सातारा किंवा बेळगाव येथील घरांविषयीही म्हणता येईल.

अशा घरातील मांजर एखाद्या दिवशी लाळ गाळू लागते, कोपऱ्यात दडून बसते किंवा थरथरू लागते. कुटुंबापुढे तेव्हा एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात : नेमके झाले काय, आणि खर्च किती येईल? विषबाधेच्या बाबतीत एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. पहिल्या अर्ध्या तासात जे करावयाचे असते, त्यातील बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. परंतु त्याच अर्ध्या तासात चांगल्या हेतूने केलेले चुकीचे उपायही बिनपैशाचेच असतात, आणि कधीकधी मूळ विषापेक्षा तेच अधिक घातक ठरतात. म्हणून ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे त्याने काय करावे, काय करू नये आणि जवळचे पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत, हे आधीच जाणून घेणे हिताचे असते.

मांजराचे शरीर निराळे का?

माणसाला जे पचते ते मांजरालाही पचेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. माणसाचे यकृत अनेक परकीय द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देते. त्यामुळे ती द्रव्ये पाण्यात सहज विरघळतात व मूत्रावाटे किंवा पित्तावाटे शरीराबाहेर पडतात. हे काम एंझाइमांचा एक गट करतो. त्यांपैकी एक महत्त्वाचे एंझाइम मांजराच्या शरीरात तयारच होत नाही. त्याचे जनुक मांजराच्या वंशात निकामी झालेले आहे, असे मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट या संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. मांजराचे पूर्वज केवळ मांसावर जगणारे होते. वनस्पतींतील विषारी द्रव्यांशी त्यांचा फारसा संबंध येत नसे आणि त्यामुळे या जनुकाची गरज उरली नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते.

याचा व्यावहारिक परिणाम फार मोठा आहे. डांबरापासून काढलेले काळे फिनेल, काही जंतुनाशके, पॅरासिटामॉलसारखे साधे तापाचे औषध ही सर्व फिनॉल या वर्गाशी नाते सांगणारी द्रव्ये आहेत आणि ती मांजराच्या शरीरात दीर्घकाळ टिकून राहतात. दुसरे वैगुण्य रक्तातील आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूत गंधकयुक्त असे काही गट असतात, की ज्यांवर ऑक्सिडीकरण करणारी विषे सहज आघात करतात. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये असे गट दोन, तर मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये आठ असतात. म्हणून पॅरासिटामॉल, डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थॅलीन, इतकेच नव्हे तर कांदा व लसूण यांनीही मांजराच्या तांबड्या रक्तपेशींची हानी होते.

विष शरीरात कसे जाते?

मांजर सहसा बाटलीतील द्रव पीत नाही. ते चोखंदळ असते आणि उग्र वासापासून दूर राहते. परंतु ते स्वच्छताप्रियही असते. नुकत्याच फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून ते चालत जाते, रॉकेल सांडलेल्या जागी बसते, पॉलिशने भिजलेल्या फडक्यावर झोपते आणि नंतर निवांतपणे पंजे व अंग चाटू लागते. त्वचेवर पडलेले द्रव्य अशा रीतीने पोटात जाते. मांजराच्या बाबतीत अंगावर काही सांडणे आणि पोटात काही जाणे या गोष्टींत फारसे अंतर नसते, हे या विषयातील सर्वांत उपयुक्त सूत्र होय.

दुसरा मार्ग शिकारीचा आहे. विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर मांजराला सहज सापडतो. तिसरा मार्ग माणसाच्या हातचा आहे. ताप आला म्हणून अर्धी गोळी देणे, किंवा पिसवा झाल्या म्हणून कुत्र्याच्या अंगाला लावण्याचे औषध मांजराला लावणे, असे प्रकार वारंवार घडतात. कुत्र्यांसाठीच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराला त्याने तीव्र कंप व झटके येतात.

लक्षणे

पुढील लक्षणे विषबाधेची शंका उत्पन्न करतात : एकाएकी भरपूर लाळ गळणे, वारंवार उलट्या, तोंडाला पंजा लावत राहणे, अंगाला किंवा श्वासाला रसायनाचा वास, थरथर, तोल जाणे, झटके, बाहुल्या असाधारण मोठ्या किंवा लहान होणे, आणि धाप लागणे. स्वस्थ मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात. त्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा चॉकलेटी दिसल्यास स्थिती गंभीर समजावी. विश्रांत मांजर मिनिटास साधारणतः २० ते ३० वेळा श्वास घेते. कुत्र्याप्रमाणे तोंड उघडून धापा टाकणे हे मांजरात संकटाचेच लक्षण होय. त्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे हाताला ते नेहमीच किंचित उष्ण लागते. ते गार लागू लागल्यास विलंब करू नये.

काही विषे उशिरा प्रकट होतात. जंतुनाशकांत वापरले जाणारे बेन्झाल्कोनियम क्लोराइड चाटल्यानंतर जिभेवर व्रण उठण्यास काही तास लागतात. उंदरांसाठी वापरले जाणारे ब्रोमॅडिओलोन रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते आणि त्याची लक्षणे तीन ते पाच दिवसांनी दिसतात. म्हणून मांजराने विष खाल्ले याची खात्री असेल, तर ते बरे दिसते आहे एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

पहिला अर्धा तास

प्रथम मांजराला त्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत न्यावे. उचलणाऱ्याने रबरी हातमोजे किंवा हाताभोवती पिशव्या घालाव्यात. कारण भ्यालेले मांजर ओरबाडते आणि त्याच्या अंगावरील रसायन माणसालाही बाधते.

नंतर चाटणे थांबवावे. मान बाहेर ठेवून उरलेले अंग जुन्या टॉवेलात किंवा पंचात घट्ट, परंतु श्वास कोंडणार नाही अशा बेताने गुंडाळले, की निम्मे काम होते.

अंगावरील रसायन भुकटीच्या स्वरूपात असेल, उदाहरणार्थ ब्लीचिंग पावडर किंवा चुना, तर पाणी घालण्यापूर्वी ती कोरड्या फडक्याने झटकून टाकावी. आम्ल किंवा कॉस्टिक सोडा यांसारखे दाहक द्रव्य असेल, तर कोमट पाण्याच्या मंद धारेखाली निदान १५ मिनिटे ती जागा धुवावी. लिंबाने सोडा किंवा सोड्याने आम्ल मारण्याचा प्रयत्न करू नये. त्या क्रियेतून उष्णता निर्माण होते आणि भाजलेल्या जागी आणखी भाजते. फिनेल, रॉकेल, पॉलिश यांसारखी तेलकट द्रव्ये केवळ पाण्याने निघत नाहीत. त्यांसाठी भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण पाण्यात मिसळून दोन-तीन वेळा धुवावे आणि साबणाचा अंशही राहू देऊ नये. ऑइलपेंट किंवा डांबर चिकटले असल्यास ते खाद्यतेलाने मऊ करून मग साबणाने काढावे. टर्पेंटाईन कदापि वापरू नये. डोळ्यांत काही गेले असल्यास उकळून निववलेल्या पाण्याने १० ते १५ मिनिटे डोळे धुवावेत. हे सर्व झाल्यावर मांजराला कोरडे करून ऊब द्यावी. गार पाण्याने धुऊन ओले ठेवलेले मांजर गारठ्यानेच ढासळू शकते. मात्र मांजर बेशुद्ध असेल, त्याला झटके येत असतील किंवा धाप लागली असेल, तर धुण्यात वेळ न घालवता त्याला गुंडाळून तडक पशुवैद्याकडे न्यावे.

याच वेळी घरातील दुसऱ्या माणसाने रसायनाची बाटली, वेष्टन किंवा गोळ्यांची पट्टी शोधून ठेवावी. किती वाजता, काय आणि अंदाजे किती, या तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. उलटी झाली असल्यास तिचा थोडा अंश झाकणाच्या बाटलीत घ्यावा. विष कोणते हे ठाऊक असले, तर पशुवैद्याला अनेक तपासण्या टाळता येतात. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला एवढी मोठी बचत दुसऱ्या कशाने होत नाही.

काय करू नये?

मांजराला घरी ओकारी करवू नये. मिठाचे पाणी पाजल्याने रक्तातील क्षार घातक प्रमाणात वाढतात. घशात बोट घालण्याने दोघांनाही इजा होते. हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला रक्तस्रावी सूज येते. आम्ल किंवा अल्कली ओकून बाहेर पडताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल व टर्पेंटाईन ओकताना फुप्फुसांत शिरतात आणि त्यातून होणारा न्यूमोनिया पोटातील रॉकेलपेक्षा अधिक भयंकर असतो.

दूध हा सर्व विषांवरचा उतारा आहे ही समजूतही सोडून दिली पाहिजे. तेलात विरघळणारी विषे दुधातील किंवा तुपातील स्निग्धांशाबरोबर अधिक वेगाने शोषली जाण्याचा संभव असतो. बेशुद्ध, थरथरणाऱ्या किंवा गिळू न शकणाऱ्या मांजराच्या तोंडात पाणीसुद्धा ओतू नये. चुलीतील कोळसा कुटून देण्याचाही उपयोग नाही. विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा हा विशेष प्रक्रियेने बनविलेला असतो, आणि तोही दाहक द्रव्ये किंवा रॉकेल यांवर दिला जात नाही. शेवटी, माणसाचे कोणतेही वेदनाशामक मांजराला देऊ नये. चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी म्हणजे दर किलोस १२५ मिलिग्रॅम होते. एवढी मात्रा जीव घेण्यास पुरेशी असते.

थोड्या पैशांचा विनियोग

घरगुती उपाय उपचाराची जागा घेत नाहीत. ते केवळ वेळ मिळवून देतात. त्या वेळात पशुवैद्य गाठावयाचा असतो. कावेरीच्या या प्रदेशात पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर प्राण्यांसाठीही औषधे सिद्ध केली जात असत. आज राज्य शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने ग्रामीण भागातही आहेत. ते प्राधान्याने गाईगुरांसाठी स्थापन झाले असले, तरी मांजर आणले म्हणून तेथून परत जावे असे नाही. मोठ्या उपचारांसाठी तंजावर जिल्ह्यातच ओरत्तनाडु येथे २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय १९०३ सालचे, तर मुंबईत परळ येथील महाविद्यालय १८८६ सालचे आहे. अशा शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत खाजगी दवाखान्यांच्या मानाने खर्च सामान्यतः बराच कमी येतो. १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी आहे. ही सेवा मुख्यतः गाईगुरांसाठी असली, तरी जवळचा दवाखाना कोणता हे विचारण्यास हरकत नाही.

पशुवैद्याला आपली ऐपत आरंभीच स्पष्ट सांगावी. त्यात कमीपणा नाही. ‘एवढेच पैसे आहेत, यांत सर्वांत आधी काय करावे?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा नेमके उत्तर मिळते. मांजर वाचते ते पुष्कळदा साध्या उपायांनी : शरीरातील पाणी भरून काढणारे सलाइन, ऊब, झटके थांबविणारे औषध आणि जेथे उतारा उपलब्ध आहे तेथे तो उतारा. विस्तृत रक्ततपासणी व क्ष-किरण चित्रे यांचा उपयोग असतो, परंतु पैसे मोजके असतील तर उपचार आधी आणि तपासण्या नंतर, असा क्रम पुष्कळदा लावता येतो. विष पोटात जाऊन दोन तासांच्या आत मांजर दवाखान्यात पोहोचले आणि विष दाहक नसले, तर पशुवैद्य योग्य औषधाने ओकारी करवू शकतो. लवकर पोहोचण्याने प्राण वाचतात आणि खर्चही वाचतो.

उतारे थोडेच आहेत, परंतु ते फार महाग नाहीत. पॅरासिटामॉलवर अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध दिले जाते. ते माणसांसाठीही वापरले जात असल्याने शहरातील औषधांच्या दुकानांत मिळू शकते. ब्रोमॅडिओलोनवर के-१ जीवनसत्त्व देतात. हा उपचार तीन-चार आठवडे चालू ठेवावा लागतो. मांजर चौथ्या दिवशी खेळू लागले म्हणून गोळ्या बंद केल्यास रक्तस्राव पुन्हा सुरू होतो आणि आधीचा सारा खर्च वाया जातो. तेव्हा अशा वेळी पूर्ण उपचाराचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

झिंक फॉस्फाइड या काळसर भुकटीवर मात्र नेमका उतारा नाही. पोटातील आम्लाशी तिचा संयोग होऊन फॉस्फीन हा विषारी वायू निर्माण होतो. अन्नाने जठरातील आम्ल वाढते, म्हणून अशा मांजराला खाऊ घालू नये. त्याने ओकारी केल्यास दारे-खिडक्या उघडून माणसांनी, विशेषतः मुलांनी, खोलीबाहेर जावे. तो वायू माणसालाही घातक आहे.

उपचार करूनही यश येणार नाही, अशी वेळ कधीकधी येते. मांजराच्या यातना थांबविण्याचा मार्ग तेव्हा पशुवैद्यच दाखवू शकतो. तो स्वीकारणे म्हणजे कर्तव्यात उणे पडणे नव्हे.

घरातील शुश्रूषा

दवाखान्यातून परत आलेल्या मांजराला शांत, अंधारी व उबदार जागा हवी असते. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, रोज बदललेले अंथरूण आणि जवळ ठेवलेले ताजे पाणी यांना खर्च नाही. मांजराने किती खाल्ले, लघवी झाली की नाही, हिरड्यांचा रंग कसा आहे, याची दिवसातून दोन-तीनदा नोंद ठेवावी.

अन्नाकडे विशेष लक्ष द्यावे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते आणि मूळ विषाइतकाच तो नवा धोका ठरतो. उकडलेले अंडे किंवा कांदा, लसूण व मसाला न घालता शिजविलेली मासळी कोमट असताना थोडी थोडी पुढे करावी. दक्षिणेत दहीभात व महाराष्ट्रात दूधपोळी घालण्याची चाल आहे. आजारी मांजराला तेवढ्याने पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. ज्या घरी मांसाहार होत नाही, त्यांनी निदान बरे होईपर्यंत पशुवैद्याच्या सल्ल्याने दुसरी सोय करावी. एक पूर्ण दिवस काहीच न खाल्ल्यास पुन्हा दवाखाना गाठावा.

प्रतिबंध

या सर्वांहून स्वस्त असा उपाय म्हणजे मांजर आणि रसायन यांची गाठ पडू न देणे. फिनेल पाण्यात सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घालू नये आणि फरशी कोरडी होईपर्यंत मांजराला बाहेर ठेवावे. साबणाच्या पाण्याने भागत असेल तर फिनेल टाळावे. पितळेच्या भांड्यांना आणि समयांना चिंच आजही पुरेशी पडते. पॉलिश वापरलेच, तर त्याची फडकी झाकणाच्या डब्यात ठेवावीत. उंदरांसाठी विषाऐवजी पिंजरा लावावा, आणि शेजाऱ्यांनी विष ठेवले असेल तर त्या दिवसांत मांजराला घरात कोंडून ठेवावे. डांबराच्या गोळ्या मांजर झोपते त्या कपाटात ठेवू नयेत. पेय पदार्थाच्या रिकाम्या बाटलीत कोणतेही रसायन कधीही भरू नये. लहान मुलांच्या दृष्टीनेही ही सवय अत्यंत धोक्याची आहे.

याखेरीज जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता, तो उघडा असण्याच्या वेळा आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या एखाद्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. ही माहिती आधीच जमवून ठेवली, म्हणजे प्रसंगी शोधाशोधीत जाणारा वेळ मांजराच्या कामी येतो.